माहिती आणि गोष्ट: कॉलेज करता करता करायची कमाई



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी एक वाक्य बोलून गेलो होतो. "पहिली कमाई कॉलेजच्या गेटबाहेर शोधू नका, आधी गेटच्या आत बघा." व्हिडिओत वेळ नव्हता, म्हणून तो विषय इथं सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा, जरा लांबणार आहे.

वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कुठंही कार्यक्रमाला गेलो की मुलंमुली हमखास विचारतात, "सर, शिकता शिकता पार्टटाइम काय करू?" आपल्याकडं उत्तरं ठरलेली आहेत. मोबाईलचं दुकान, मेडिकल, लग्नसराईत केटरिंग, नाहीतर सुट्टीत घरच्या सोयाबीनच्या सवंगणीला हातभार. यातलं एकही काम कमी दर्जाचं नाही. गल्ल्यावर बसलेला पोरगा माणसं ओळखायला शिकतो, ते वर्गात शिकवत नाहीत. पण आणखी एक काम आहे, ज्याला आपल्या जिल्ह्यात कोणी कामच म्हणत नाही. लोकांकडं जायचं, नीट विचारायचं, लिहून घ्यायचं, खरं-खोटं तपासायचं आणि मग ते दुसऱ्याला समजेल, आवडेल असं मांडायचं. सोप्या भाषेत संशोधन आणि गोष्ट सांगणं.

लगेच म्हणाल, हे पीएचडीवाल्यांचं काम. तसं नाही. कसं नाही, ते सांगण्याआधी थोडं साताऱ्याला जाऊ.

"कमवा आणि शिका" हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. अंगमेहनत करून शिकायचं, फुकटचं घ्यायचं नाही, हा तिथला नियम. मुलं शेतात राबली, स्वयंपाक केला, पडेल ते काम केलं. बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हेही तुम्ही वाचलं असेल.

पण एक गोष्ट भाषणांत कमी येते, आणि ती आपल्यासारख्या धंदेवाल्यांच्या कामाची आहे. कर्मवीर हे संस्थाचालक होण्याआधी विक्रेते होते! ओगले काच कारखाना, किर्लोस्करांचा कारखाना, यांचा माल घेऊन ते गावोगाव फिरले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्याला विकायचा म्हणजे काय? आधी त्याच्या बांधावर बसायचं, त्याची जमीन, त्याचे बैल, त्याचं कर्ज समजून घ्यायचं, मग बोलायचं. या भटकंतीत त्यांना खेड्यापाड्यातली परिस्थिती जवळून दिसली, आणि शिक्षणाशिवाय गत्यंतर नाही हे त्यांचं मत पक्कं झालं. आजच्या भाषेत याला मार्केट रिसर्च म्हणतील. मी त्याला गावात जाऊन कान उघडे ठेवणं म्हणतो.

आपलं विद्यापीठ म्हणजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. गाडगेबाबांचं नाव रयतेच्या कऱ्हाडच्या कॉलेजलाही आहे, म्हणजे नातं जुनंच. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत कमवा आणि शिका योजना चालते, पुण्याच्या विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावानं आहे. दिवसाला दोन-तीन तास काम, तासाप्रमाणे मानधन. कामं साधारण काय असतात? ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात फायली, बागकाम, प्रयोगशाळेची आवराआवर. तासाचा दर विद्यापीठानुसार वेगळा असतो, तो कॉलेजच्या नोटीस बोर्डावर किंवा विद्यार्थी विकासाचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांकडं कळेल. त्या दरानं कोणी श्रीमंत होत नाही, मेसचा आणि झेरॉक्सचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

माझं म्हणणं एवढंच, की त्या दोन-तीन तासांत फायली लावण्याबरोबर फायलीत काय आहे ते वाचायचं कामही मिळू शकतं. फक्त ते मागावं लागतं. कॉलेजला माजी विद्यार्थ्यांची यादी हवी असते, नॅकच्या तपासणीसाठी कागद हवे असतात, दत्तक गावाची पाहणी हवी असते, वार्षिक अंकासाठी मजकूर हवा असतो. हे सगळं शेवटच्या आठवड्यात घाईत उरकलं जातं. जो विद्यार्थी जुलैमध्येच लेखी अर्ज घेऊन जातो, "सर, हे काम मी चार महिन्यांत करून देतो, आठवड्याला इतके तास," त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती मी व्हिडिओत कधी सांगितली नाही, कारण सांगायला लाज वाटते.

कॉलेजात असताना मला एका एजन्सीचं सर्व्हेचं काम मिळालं. शेतकऱ्यांचे फॉर्म भरायचे, फॉर्ममागे पैसे. पहिल्या दिवशी सायकलवर दोन गावं केली, सहा फॉर्म झाले. दुसऱ्या दिवशी पाच. दिवस सवंगणीचे. घरी कोणी नाही, शेतात गेलो तर माणूस विळा खाली ठेवायला तयार नाही. एक आजोबा म्हणाले, "बाबू, मले काय विचारतं, ढग पाय वरते. माल भिजला त तू भरून देशील का?" बरोबरच होतं त्यांचं. तिसऱ्या दिवशी मी लिंबाखाली बसलो आणि बारा फॉर्म स्वतःच भरले. नावं खरी, बाकी सगळं माझ्या डोक्यातलं.

आठवड्यानं सुपरवायझरनं बोलावलं. त्यानं बारा फॉर्म टेबलावर एका ओळीत मांडले आणि काहीच बोलला नाही. मीच बघितलं. बारापैकी नऊ शेतकऱ्यांकडं अडीच एकर. सगळ्यांना दोन मुलं. सगळ्यांचं उत्पन्न शून्यावर संपणारं, वीस हजार, तीस हजार. खऱ्या माणसाचा आकडा असा नसतो. खरा माणूस म्हणतो, "तीन एकर सोळा गुंठे, त्यातलं अर्धं भावाकडं, आणि धुऱ्याचा वाद चालू आहे." माझे पैसे कापले गेलेच, पण खरे भरलेले अकरा फॉर्मही रद्दीत गेले. कारण आता त्यांच्यावरही कोण विश्वास ठेवणार?

त्या दिवसानंतर मला दोन गोष्टी कळल्या. एक तर उघड आहे, ती सांगत नाही. दुसरी धंद्याची आहे. फॉर्ममागे पैसे ठरले की खोटं बोलण्याची सोय आपोआप होते. म्हणून पाहणीचं काम घ्याल तर दिवसावर किंवा तासावर घ्या. समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला आपल्या १२० सभासदांची माहिती हवी आहे. सोयाबीन किती पोती, तूर किती, कोणाला विकली, घरी किती ठेवली, बियाणं कुठून घेतलं. एका माणसाशी नीट बोलायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यात जाणं-येणं, वाट बघणं, चहा. दिवसाला आठ-दहा फॉर्म झाले तर ते खरे असतात. चार विद्यार्थी, तीन ते चार दिवस. यापेक्षा कमी दिवसांत कोणी करून देतो म्हणाला तर तो लिंबाखाली बसणार आहे हे समजा!

आणि दिवस कुठले निवडता हेही बघा. दसऱ्याच्या आगेमागे गावात जाऊ नका. संध्याकाळी जा, नाहीतर आठवडी बाजाराच्या दिवशी गाठा.

आता गोष्टीकडं येतो. "आमच्या जिल्ह्यात सांगण्यासारखं काय आहे, सर?" हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. वाशिम जिल्हा म्हणून १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, पण गाव केवढं जुनं! वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि गंमत बघा, ही शाखा इतिहासकारांना नीट माहीतच नव्हती. १९३९ मध्ये वाशिममध्ये विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला आणि सगळा हिशोब बदलला. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची काही लेणी घडली. म्हणजे अजिंठ्याच्या गोष्टीचा एक धागा आपल्या गावातून जातो, आणि आपल्या दुकानांच्या पाट्यांवर त्याचा पत्ता नाही.

कारंजा घ्या. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लोक येतात. तिथल्या जैन मंदिरांतली जुनी हस्तलिखितं अभ्यासकांना माहीत आहेत. डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या कॉलेजात प्राध्यापक होते, त्यांनी कारंज्याच्या भांडारातले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित करून छापले. तिथूनच शकुंतला रेल्वे जायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ, कापसाच्या गाठी वाहायला टाकलेली छोटी लाईन. त्या गाडीनं प्रवास केलेली माणसं अजून आहेत. पाच-दहा वर्षांनी किती असतील?

शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ. पोहरादेवी. तिथं ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, रामनवमीला देशभरातून बंजारा समाज येतो. आता इथं जरा थांबा. ज्या मुलीच्या घरी गोरमाटी बोलतात, तिच्याकडं जे आहे ते पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडं नाही. आजीची लेंगी गीतं, तांड्यातली कशिदाकारी, कुठला टाका कशाला म्हणतात. ती मुलगी मानोऱ्याच्या अभ्यासिकेत बसून चालू घडामोडी पाठ करते आहे. करावं, भरतीची तयारी जरूर करावी. पण दिवसातले दोन तास तिनं आजीजवळ वही घेऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

याला पैसे कोण देणार, हा खरा प्रश्न. सरळ सांगतो, आजीची गीतं लिहून घेतल्याबद्दल लगेच कोणी पैसे देणार नाही. ते तुमचं भांडवल आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ही वेबसाइट आवर्जून बघा, मराठीतही आहे. ग्रामीण भारतातल्या माणसांच्या कामाच्या गोष्टी तिथं किती साध्या आणि किती पक्क्या लिहिल्या जातात ते कळेल. विद्यार्थ्यांनी केलेलं कामही तिथं प्रसिद्ध होतं. असं एखादं काम नावावर असलं की पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला तुमच्याकडं काहीतरी असतं.

पैसे देणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. बचत गटाला सरस प्रदर्शनात स्टॉल लावायचा असतो, त्यांच्या तुरीच्या डाळीच्या पाकिटावर "शुद्ध व दर्जेदार" सोडून काही लिहिलेलं नसतं. डाळ कुठल्या गावची, कोणी भरडली, किती जणी काम करतात, हे चार ओळींत हवं असतं. एखादं जुनं कापड दुकान पन्नास वर्षं पूर्ण करतं. एखाद्या डॉक्टरला, शाळेला, सोसायटीला स्मरणिका काढायची असते. सध्या ते काय करतात? प्रिंटिंग प्रेसवाल्याला सांगतात, तो मागच्या स्मरणिकेतला मजकूर उचलतो. नाहीतर एआयकडून लिहून घेतात. एआय झकास भाषा लिहितो हो, मी पण वापरतो. पण १९७२ च्या दुष्काळात दुकानदाराच्या वडिलांनी कोणाकोणाला उधारीवर धोतरं दिली, ते त्या वडिलांच्या चोपडीत आहे. ती चोपडी माळ्यावर आहे. माळ्यावर चढायला माणूसच लागतो.

एक हिशोब मांडून दाखवतो. आकडे माझे आहेत, तुमच्या गावाप्रमाणे कमी-जास्त करा. समजा, कारंज्याच्या अशा एका दुकानाला पन्नाशीनिमित्त एक पानभर गोष्ट आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा आहे. मालकांशी दोन बैठका, ४ तास. जुने फोटो, चोपड्या, लायसन्स बघणं आणि स्कॅन करणं, ३ तास. तीन जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणं, ३ तास. लिहिणं, ५ तास. मालकांना वाचून दाखवणं आणि दुरुस्ती, २ तास. मोबाईलवर शूटिंग आणि एडिटिंग, ७ तास. झाले २४ तास. तासाला १०० रुपये धरले तर २४०० रुपये. एसटीचं भाडं ३००, स्कॅन-प्रिंट २००. एकूण २९००. कोटेशन ३५०० चं द्या. वरचे ६०० नफा नाहीत, ते दुसऱ्यांदा दुरुस्ती निघेल त्याचे आहेत, आणि ती निघतेच. निम्मे, म्हणजे १७५०, आधी घ्या. "आधी काम तर दाखव" म्हणाले तर तुमचं आधीचं एक काम दाखवा, ते नसेल तर स्वतःच्या मामाच्या दुकानावर फुकट एक करून ठेवा. फुकट एकदाच, आणि तेही मामाचं.

दुकानाची गोष्ट लिहिताना मुलांची एक चूक नेहमी होते. "अथक परिश्रम, सचोटी आणि ग्राहकांचा विश्वास" असं लिहून मोकळी होतात. हे वाक्य काढा आणि दुसऱ्या कुठल्याही दुकानाच्या स्मरणिकेत टाका, तिथंही बसेल. म्हणजे ते वाक्य कोणाचंच नाही. मालकांना विचारा, "पहिल्या दिवशी गल्ला किती झाला होता?" बहुतेकांना आकडा आठवतो. तिथून गोष्ट सुरू करा. आणि मालकांनी सांगितलेलं साल लायसन्सवरच्या सालाशी जुळतं का ते बघाच. पन्नासावं वर्ष म्हणून बॅनर लागावा आणि कोणीतरी म्हणावं, "हे तर अठ्ठेचाळिसावं," ही नाचक्की तुमच्या नावावर जाईल, मालकांच्या नाही.

आता थोडं कडू. नव्या शैक्षणिक धोरणामुळं फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, इंटर्नशिप हे अभ्यासक्रमात आलं आहे. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं. चांगली गोष्ट आहे. पण श्रेयांक म्हणजे पगार नव्हे, आणि पगार म्हणजे श्रेयांक नव्हे. काही ठिकाणी मुलांना "सर्टिफिकेट देतो" म्हणून महिना महिना राबवून घेतात आणि त्यांनी गोळा केलेली माहिती स्वतःच्या नावावर विकतात. सुरुवातीलाच एका कागदावर लिहून घ्या: तास किती, पैसे आहेत की फक्त श्रेयांक, आणि छापलेल्या कामावर नाव कोणाचं. फक्त श्रेयांक असतील तर नाव तुमचंच पाहिजे. हे मागायला मुलं लाजतात. मुली जास्त लाजतात, त्यांना घरून "वाद घालू नको" सांगितलेलं असतं. हा वाद नाही, हा व्यवहार आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही विचारणा होते. २०२४ मध्ये सुरू झालेली ती योजना शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी आहे, शिकणाऱ्यांसाठी नाही. तेव्हा पार्टटाइमच्या विचारात ती धरू नका.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. तुम्ही ज्याच्याकडून माहिती घेता त्याचा हक्क. आजी गात असताना मोबाईल लपवून रेकॉर्ड करायचं नाही. कशासाठी घेतोय, कुठं दिसेल, हे तिला तिच्या भाषेत सांगा, ती "होय" म्हणाली तर तो होकारही रेकॉर्डवर घ्या. ती नंतर "नको" म्हणाली तर काढून टाका, कितीही चांगलं झालं असलं तरी. फॉर्मवर आधार नंबर मागू नका, गरज नसताना मोबाईल नंबरही नको. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी लोकांच्या कर्जाचा आकडा गावात फोडणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी ओसरीवर बसू देत नाही.

हे करून पुढं काय, असं विचाराल. यातली काही मुलं पुढं छोटी एजन्सी काढतील, दोन मित्र, एक लॅपटॉप, एक ट्रायपॉड. वाशिम केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळं इथं पाहण्या सतत चालू असतात, आणि त्या करायला बरेचदा बाहेरून माणसं येतात. त्यांना गावाचा रस्ता विचारावा लागतो. काही मुलं एजन्सी वगैरे काही काढणार नाहीत, स्वतःचं दुकान किंवा डाळ मिल टाकतील. पण गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायची सवय त्यांना आधीच लागलेली असेल.

या आठवड्यात एवढं करा. कॉलेजात कमवा आणि शिका चालू आहे का ते विचारा, असेल तर अर्जाची तारीख लिहून घ्या. नसेल तर प्राचार्यांना दहा जणांच्या सह्यांचा अर्ज द्या. आणि घरातल्या किंवा शेजारच्या सत्तरीपुढच्या एका माणसाशी तासभर बोला, मोबाईल समोर ठेवून, विचारून. विषय सोपा घ्या: पहिली कमाई किती होती आणि तिचं काय केलं.

पुढच्या व्हिडिओत कोटेशनचा आणि संमतीच्या कागदाचा नमुना ओळीओळीनं दाखवतो. वही घेऊन बसा.